गुडघ्यावरचे ठिपके

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुकरची शिट्टी उशिरा झाली तर मी स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहते. आमच्या भिवंडीतल्या टेमघरच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट मध्येच अडकली तर बाकीचे लोक वॉचमनला शिव्या घालतात, मी देवाला हाका मारते. आणि माझी भीती पोटात राहत नाही, थेट तोंडावर येते. अंजूर गावचा मामा म्हणतो, हिचं तोंड बघितलं तर दुभती म्हैस आटेल. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखला न्यायला आलेले पालक खिडकीशी येऊन आधी मलाच विचारतात, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

पण आईच्या पायाबद्दल मला जी भीती वाटत होती, ती या घाबरटपणात धरू नका. तिला कारण होतं, आणि त्या कारणाचा फोटो हार घालून आमच्या भिंतीवर टांगलेला आहे.

बाबांना साखर होती. ते भिवंडीत एका लूमवाल्या शेठच्या ऑफिसात कामाला होते. एकदा नवी चप्पल चावली आणि अंगठ्याजवळ फोड आला. त्यांनी त्यावर घरचंच काहीबाही लावलं आणि कुणाला बोलले नाहीत. मला दिसला तोवर अंगठा काळा पडला होता. मी त्यांना बळेबळेच डॉक्टरकडे नेलं, तिथून ठाण्याच्या हॉस्पिटलात, आणि तिथे त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. त्यानंतर ते फार जगले नाहीत. खाटेवर बसल्या बसल्या ते नसलेली बोटं खाजवायला हात खाली न्यायचे आणि मग आम्ही बघतोय हे लक्षात आलं की चादर सारखी करायचे. तेव्हापासून काळा रंग दिसला की मला आधी तो अंगठाच आठवतो.

पुढे आईलाही साखर निघाली. गोळ्यांवर ती आटोक्यात होती, पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी रोज संध्याकाळी आईचे पाय मांडीवर घेऊन बघायला लागले. टाचा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. आई अंजूरची, शेतकऱ्याघरची. इतकी वर्षं शहरात काढली तरी तिची बोली सुटलेली नाही. ती म्हणायची, "पोलीसबी इतकी झडती घेत न्हाईत गो बाय!"

मी पाऊल राखत बसले आणि दुखायला लागला गुडघा. आधी जिन्यावर, मग बसताना उठताना, मग नुसतं पडून राहिलं तरी. एक्सरे काढला, झीज निघाली. साखर आणि किडन्या बघता दुखण्याच्या गोळ्या रोज घ्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑपरेशनचं नाव काढलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. त्यात मामाच्या नातवाचं लग्न ठरलं. अंजूरकडे लग्नाला एक वेळ नाही गेलं तरी चालतं, हळदीला जावंच लागतं, आणि हळदीत नाचावं लागतं. आईच्या डोळ्यांपुढे ती हळद होती. मामाच्या घरची सगळ्यात मोठी बाई खुर्चीत बसून राहिली तर लोक काय म्हणतील, ही तिची चिंता.

मेसोथेरपीचं नाव मी पहिल्यांदा शाळेत ऐकलं. एका शिक्षिकेची मान त्याने सुटली होती. कल्याण रोडवर एक डॉक्टरीणबाई बारीक सुयांनी कातडीत थोडंथोडं औषध सोडतात, एवढंच तिला सांगता आलं. मला सुयांची भीती, आईला नाही. तिच्या हातांवर लहानपणीचं गोंदण आहे. "सुया त्या काय! मी तर अख्खी तुळस गोंदून घेतली हाय," असं म्हणून ती चप्पल घालून दारात उभी राहिली.

दवाखान्यात बाकावर दुखण्याचे आणि दिसण्याचे असे दोन्ही पेशंट होते. कंबर धरून बसलेला एक लूमवाला, गालांवर वांग आलेली एक बाई, आणि टोपी न काढणारा एक तरुण, ज्याचे केस गळत होते. सगळ्यांना एकच इलाज, नुसती जागा वेगळी, हे बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. गुडघ्यालाही तेच आणि टकलालाही तेच, म्हणजे नक्की काय आहे हे? लूमवाल्याने माझं तोंड बघितलं असणार. तो मला समजावायला लागला, "डरो मत, बहनजी. चींटी काटती है, बस." घाबरण्यासारखं काही नाही असं लोक मला सांगतात तेव्हा मी दुप्पट घाबरते.

आत गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी घेतली. सुई नवी आहे का? पाकीट माझ्यासमोर फोडा. औषध कुठलं? बाटली आधी उघडलेली आहे का? साखरेच्या माणसाला चालतं का? बाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. त्यांनी साखरेचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "ताई, औषध प्रत्येकाचं वेगळं असतं, टोचायची पद्धत तेवढी एक. सुई सांध्यात जात नाही, कातडीतच राहते. झीज यानं भरून येणार नाही. दुखणं काहींचं कमी होतं, काहींचं होत नाही. मी खात्री देत नाही." खात्री देत नाही म्हणणारा डॉक्टर मला बरा वाटतो. मी रिपोर्ट परत पिशवीत ठेवला.

त्यांनी गुडघा पुसला आणि वाटीच्या भोवतीने बारीक सुई टोचत गेल्या. प्रत्येक ठिकाणी एक टिपूस, आणि तिथे लाल ठिपका. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आई टक लावून गुडघ्याकडे बघत होती, कुणी रांगोळीचे ठिपके काढताना बघावं तशी. संपल्यावर ती जरा नाराजच दिसली. "झालं? दुखलं बी न्हाय."

"नकोच दुखायला, आजी," बाई हसल्या. "आता नीट ऐका. आज पाणी लावायचं नाही. चोळायचं नाही. तेल नको, बाम नको, काही म्हणजे काही लावायचं नाही. लाल झालं, सुजलं, पू झाला तर लगेच दाखवायचं."

'दाखवायचं' म्हटल्याबरोबर आईने साडी गुडघ्यावरून खाली ओढली. तेव्हा मला वाटलं, तिला संकोच वाटला असेल.

पहिल्या वेळेनंतर आई जिना धरून का होईना, न थांबता चढली. दुसऱ्यानंतर ती खाली बसून भाजी निवडायला लागली. आता खरं तर मी आनंदी व्हायचं. पण मी शाळेत काम नसलं की फोनवर मेसोथेरपी शोधून वाचायचे. वाचलं ते असं, की स्वच्छता नीट नसेल तर टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी गाठी येतात, त्या पिकतात, आणि साधी औषधं त्यांना लागू पडत नाहीत. काही आठवड्यांनी! म्हणजे आज बरं दिसतंय त्याला काहीच अर्थ नाही. झालं, माझा जीव टांगणीला. संध्याकाळच्या झडतीत आता गुडघाही आला. मी प्रत्येक ठिपक्यावर बोट दाबून गाठ लागते का बघायचे. आई नुसती माझ्याकडे बघत राहायची.

मग अंजूरची हळद आली. मामाच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे, आणि ट्रक लागतात त्या सिमेंटच्या आवारात मांडव घातला होता. आई नाचली. दोन्ही हात वर करून, गोंदलेल्या तुळशीसकट, बायकांच्या घोळक्यात ती अशी नाचली की मामाने तोंडात बोट घातलं. मी बाजूला उभी राहून तिच्या गुडघ्याचाच विचार करत होते. मला दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणून मी रिक्षाने परत आले. आई लग्न उरकेपर्यंत तिथेच राहिली.

ती घरी आली ती बदलून आली. चालताना पाय जरा फेकत होती. संध्याकाळी मी पाय बघायला बसले तर म्हणाली, "आज नको, दमलेय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता बरं हाय ना, मग कशाला?" सुयांची तिसरी वेळ ठरली होती, ती तिने परस्पर रद्द केली. "इतक्या सुया कोन टोचून घेतं? आता न्हाय जायाचं." साडी आता घोट्याच्या वर येत नव्हती. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "न्हाय." इतक्या पटकन म्हणाली की मला ते खरं वाटलं नाही.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी कपडे धुवायला काढले. आईच्या परकरावर गुडघ्याच्या जागी डाग होता. मधे काळा, कडेला पिवळट. मी साबण लावला, ब्रशने घासला, गरम पाण्यात बुडवला. पिवळं गेलं. काळं तसूभरही हललं नाही. मी परकर तसाच मोरीत टाकला. पिवळं म्हणजे पू. आणि काळं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आई गॅलरीत कोथिंबीर निवडत होती. मी म्हटलं, "गुडघा दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना!"

तिने साडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी ओढली. आईच्या अंगावरची साडी मी अशी ओढीन असं मला कधी वाटलं नव्हतं, पण त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोथिंबीर सगळी खाली सांडली. गुडघ्याच्या वाटीभोवती, डॉक्टरीणबाईंनी जिथे जिथे सुई टोचली होती बरोबर तिथे तिथे, काळे ठिपके होते. प्रत्येकाभोवती कातडी लालभडक. काही ठिकाणी फोड एकमेकांत मिसळले होते आणि एक फुटून वाहत होता.

आईने गुडघ्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, लगेच आणा. रिक्षात बसलो आणि नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलो. मी रिक्षावाल्याला म्हणत होते, "भैया, जल्दी करो ना, पेशंट है," आणि तो बिचारा पुढच्या ट्रककडे हात दाखवत होता. माझ्या मनात एकच चित्र होतं. तीच खाट, तीच चादर, आणि चादर सारखी करणारा आईचा गोंदलेला हात. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. डॉक्टरीणबाईंना मी मनातल्या मनात फासावर चढवलं, ती सुई नवी नव्हतीच असं ठरवून टाकलं, आणि ज्या शिक्षिकेची मान सुटली होती तिच्याशी जन्मात बोलायचं नाही असंही ठरवलं. आई बाहेर बघत बसली होती. तिने पायावर पिशवी ठेवली होती, झाकण ठेवावं तशी.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी सुरू झाले, "बघा काय केलंत तुम्ही! काळा पडलाय पाय तिचा, काळा!" बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ बघितलं. एका काळ्या ठिपक्यावरून ओला बोळा फिरवला. रंग निघाला नाही. मग त्यांनी, का कोण जाणे, आईचा उजवा हात हातात घेतला आणि उलटा केला. तर्जनीचं टोक काळं होतं.

"आजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "बिब्बा लावलात का?"

आईने वर पंख्याकडे बघितलं.

बिब्बा आमच्याकडे गावोगाव घरात असतो. काळं, टणक फळ. तापवलं आणि टोचलं की आतून काळं तेल येतं. दुखऱ्या सांध्यावर त्याचे ठिपके देतात. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला तेच तेल वापरायचे, कारण ते कशानेच जात नाही. कातडीवर ते उततं, म्हणजे भाजल्यासारखे फोड येतात. चांगल्या चाललेल्या कामात कुणी विघ्न आणलं की आपण म्हणतो, बिब्बा घातला. मी ते हजार वेळा म्हटलं असेल. माझी आई ते खरोखरच करून येईल, हे माझ्या मेलीच्या डोक्यात कसं यावं?

हळूहळू आईने सांगितलं. नाचून झाल्यावर रात्रभर गुडघा ठणकला. सकाळी मामीने बिब्बा काढला. "तुमच्या सुया दुखल्याच न्हाईत, डॉक्टरीनबाय. गोंदताना मी किती रडलेय! दुखनं काढायाचं तर दुखाया नको? मग मीच म्हटलं, वैनी, लाव. आनी जागा चुकू नये म्हनून तुमी दिलेल्या ठिपक्यांवरच लावला, एकेक बघून. हे राहिलेले तर मी माज्या हातानंच लावले."

मला हसू आलं, ते रडण्यासारखंच आलं. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काळं दिसतंय ते बिब्ब्याचं आहे, मांस काळं पडलेलं नाही," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पण फोड खरे आहेत, ताई. भाजल्याची जखम आहे आणि आजींना साखर आहे. चिघळलं तर अवघड होईल. रोज ड्रेसिंगला आणायचं. आजी, फोड आले तेव्हाच का नाही दाखवलंत?"

आई खाली बघत म्हणाली, "दाखवलं की कापतात."

मग तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांचा पाय हिनं नेऊन दाखवला. गेला तो."

आता मला काय वाटलं ते सांगते. मला राग आला. मी उशिरा दाखवला म्हणून पाय गेला असं ती म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण दाखवला म्हणून गेला? इतकी वर्षं माझी आई मनात हे घेऊन माझ्या हातचं जेवत होती? डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, की बाबांच्या पायातलं विष वर चढत होतं, पाय कापला नसता तर ते तेव्हाच गेले असते. आई मान हलवत राहिली. ती पटल्याची मान नव्हती, मोठ्या माणसाला उलट बोलू नये म्हणून लहान मुलं हलवतात तसली होती.

घरी आल्यावर मी तिच्याशी भांडले. होय, पायाला पट्टी बांधलेल्या आईशी भांडले. "मला सांगायचंस तरी! डॉक्टरला नको, मला दाखवायचंस!"

"तुलाच न्हाय दाखवायाचा व्हता," ती म्हणाली. "मना सुयांची भीती न्हाय. डॉक्टरीनीची बी न्हाय. तुज्या तोंडाची भीती वाटते गो बाय. तू त्यांचा अंगठा बघितलास आनी मी तुजं तोंड बघितलं. मना तवाच कळलं, पाय गेला. डॉक्टर मागनं बोलले. आता रोज सांजच्याला तू माजे पाय घेऊन बसतेस, आनी मी तुजं तोंड बघत बसते. आज काय बोलतंय म्हनून."

मी सांडलेली कोथिंबीर गोळा करत बसले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. एक दिवस गुडघा जास्त लाल दिसला, एक दिवस आईला कणकण आली, साखर वर गेली आणि डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या. मी रिक्षात तिच्या शेजारी बसून सगळ्या देवांना नवस बोलले, काही तर एकाच गोष्टीसाठी दोन दोन देवांना. पण फोड हळूहळू बसत गेले. खपल्या धरल्या. मामी येऊन रडून गेली आणि जाताना घरातले सगळे बिब्बे खाडीत टाकते म्हणाली. मी आरशासमोर उभी राहून तोंड साधं ठेवायचा सराव करायला लागले. साधं तोंड कसं असतं तेच मला ठाऊक नव्हतं. मी हसायला गेले की जास्तच भयंकर दिसायचे.

आता एकच जागा ओली आहे, वाटीच्या खाली, नखाएवढी. ड्रेसिंग मी घरीच करते. आज पट्टी सोडली तर जखमेच्या कडेला मला काळं दिसलं. मी शक्य तेवढं साधं तोंड केलं, फोटो काढला आणि डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. काळं आहे तो बिब्ब्याचा जुनाच डाग, जखम छान भरतेय, आठवड्याभरात पट्टीही लागणार नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी आत येऊन मोठ्याने म्हटलं, "आई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय बरा आहे. आता काही भीती नाही."

आई अजून माझ्याकडेच बघत होती. साडी गुडघ्याखाली ओढत ती म्हणाली, "मना नको सांगू. तुज्या तोंडाला सांग."